राजेसाहेबांच्या मिरवणुकीला काठ

"वर-खाली काळं दिसायला नको, कुणी कापलं जायला नको आणि कुणी ताणलं जायला नको! पाचच्या आत मिरवणूक नेटवर चढली पाहिजे. नाहीतर उद्या मागघर रिकामं करा!"

हिंगणखेडच्या तुळाजीराजांनी विणकराच्या मुलीला, वृंदाला, हुकूम सोडला. राज्य कधीच गेलं होतं, पण हुकूम सोडायची सवय काही गेली नव्हती.

झालं होतं असं. दसऱ्याच्या मिरवणुकीसाठी राजांनी शहरातून कॅमेरेवाला आणला आणि त्याला बजावलं, "थेटरातल्या सिनेमासारखं रुंद घ्या." त्यानं घेतलं. डाव्या टोकाला उघड्या मोटारीत आक्कासाहेब, म्हणजे राजांच्या थोरल्या बहीण. उजव्या टोकाला घोड्यावर खुद्द राजे. मध्ये ढोल, लेझीम आणि अख्खं गाव. चित्र झालं पाटासारखं लांबोडकं, आणि फोनचा, टीव्हीचा पडदा त्यामानानं चौरंगासारखा. आता बसवायचं कसं?

पहिल्या एडिटरनं चित्र मध्ये ठेवून वर-खाली काळ्या पट्ट्या सोडल्या. "माझ्या मिरवणुकीला सुतक कुणाचं?" राजे गरजले. बिचाऱ्यानं मग नुसत्या चित्राच्याच मापाची फाइल काढून अपलोड केली, तर साइटनं आपल्या आपणच त्याच काळ्या पट्ट्या घातल्या.

दुसऱ्यानं दोन्ही कडा कापून पडदा भरला. पडदा भरला खरा, पण डावीकडे आक्कासाहेबांचा नुसता हात हलत होता आणि उजवीकडे घोड्याची नुसती शेपटी उरली होती, राजे नव्हतेच. आक्कासाहेब दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत, त्यामुळे वाड्यात जरा शांतता होती, पण राजांना ती मानवेना.

तिसऱ्यानं चित्र उभं ताणलं. राजांचं पोट गायब! ते आरशासमोर उभे राहिल्यासारखे खूश होऊन बघत राहिले, पण मग घोडा दिसला. घोड्याचा उंट झाला होता, आणि आक्कासाहेब शेवग्याच्या शेंगेसारख्या मोटारीबाहेर आल्या होत्या.

"मग राहू दे ते नेट," राजे म्हणाले. "चित्राएवढाच लांब पडदा लावू आणि गावाला दाखवू. एवढी लांब जागा कुठं आहे, बापूराव?"

कारभारी बापूराव हळूच म्हणाले, "सरकार, मागघरच तेवढं लांब आहे. पण तिथं दिवटे साड्या विणतो."

"चाळीस वर्षं विणतोय. आता दुसरीकडे विणेल!"

गणपा दिवट्यानं हे ऐकलं आणि त्याचा हात मागावरच थांबला. माग काही टेबल नव्हे, उचलला आणि नेला असा. पाया उकरून बसवलेला, हलवला की मोडलाच.

त्याची मुलगी वृंदा त्याच मागघराच्या कोपऱ्यात लॅपटॉप मांडून लग्नाचे व्हिडिओ जोडायची. ती उठली आणि सरळ दिवाणखान्यात गेली.

"सरकार, मला पाचपर्यंत द्या."

"तीन बाप्ये हरले, पोरी."

"ते शहरातनं आले होते. मी मागघरातनं आलेय."

आक्कासाहेब पडद्याआडून म्हणाल्या, "तुळ्या, दे की तिला. तुझ्या घोड्यापेक्षा तरी सरळ चालेल."

तेव्हा राजांनी तो पाचचा हुकूम सोडला. वृंदा परत आली आणि वडिलांच्या मागासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मागाशेजारी विणून तयार असलेली नऊवारी होती. मध्ये डाळिंबी रंग, आणि दोन्ही कडांना जरीचा रुंद काठ, त्यावर मोरांची रांग. तिनं त्या साडीकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे पाहिलं, आणि एकदम हसायला लागली.

"आबा, ही साडी आडवी धरा आणि कॅमेऱ्यासमोरनं हळूहळू ओढा."

"अगं, हसतेस काय? घर चाललंय आपलं!"

"घर नाही चाललं, आबा. मोर चाललेत. ओढा तुम्ही."

साडेचारला सगळे दिवाणखान्यात जमले. वृंदानं फाइल टीव्हीच्या बरोब्बर मापाची काढून अपलोड केली होती. बापूरावांनी टीव्ही लावला.

पडदा काठोकाठ भरला! मध्ये मिरवणूक, डाव्या टोकाला आक्कासाहेब पूर्ण, उजव्या टोकाला राजे पोटासकट पूर्ण, घोडा घोड्यासारखा. आणि जिथं काळं होतं तिथं वर एक जरीचा काठ, खाली एक जरीचा काठ. ढोल वाजेल तसे काठावरचे मोरसुद्धा मिरवणुकीबरोबर पुढं निघालेले.

आक्कासाहेबांनी डोळ्याला पदर लावला. राजे मात्र मुळात हट्टी.

"छान आहे. पण पोरी, चित्र अपुरंच पडलं ना? तू ठिगळ लावलंस."

वृंदा आक्कासाहेबांकडे वळली. "आक्कासाहेब, तुमच्या अंगावरच्या साडीला काठ आहे. साडी अपुरी पडली म्हणून लावलाय का?"

आक्कासाहेब ताठ बसल्या. "कोण म्हणतंय माझ्या साडीला ठिगळ?"

राजांनी घाईघाईनं दोन्ही हात वर केले. "मी नाही, मी नाही!"

"बरं," ते हात खाली घेत म्हणाले, "पुढच्या दसऱ्यालाही असाच काठ पाहिजे. याहून रुंद."

"विणू की, सरकार," वृंदा म्हणाली. "फक्त माग कुठं असेल तेवढं सांगा."

राजांचं पोट हलू लागलं, तेच पोट जे तिसऱ्या एडिटरनं नाहीसं केलं होतं, आणि ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"बापूराव, मागघर दिवट्यांच्या नावे लिहून द्या. आणि पोरी, तुला काय हवं ते माग."

"एकच, सरकार. पुढच्या वर्षी कॅमेरेवाल्याला रुंद घे म्हणायच्या आधी मला बोलवा. मी पडदा मोजून ठेवते, तुम्ही घोडा जरा आक्कासाहेबांच्या जवळ घ्या."

"जवळ?" आक्कासाहेब म्हणाल्या. "त्यापेक्षा काठच रुंद कर गं बाई!"