लोहाराची ओळ

“मग ही ओळ गेली कुठे, बाबा?”

लान्फ्रांकोने जुन्या चर्मपत्रावर बोट टेकवलं. मठातले वृद्ध भिक्षू फ्रा उबाल्दो वाटाण्याच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुठे जाईल? तिथेच आहे.”

“तिथे काहीच नाही!”

“हो. तेच म्हणतोय मी.”

लान्फ्रांको याच मठात लहानाचा मोठा झाला. अक्षरं त्याला उबाल्दोंनीच शिकवली. पुढे तो बोलोन्याच्या विद्यापीठात गेला, पंडित झाला, आणि आता मठातल्या जुन्या गीतावर जाडजूड भाष्य लिहून परत आला होता.

ओंब्रियाच्या डोंगरातलं ते गीत कोणा अनाम भिक्षूने रचलेलं. ख्रिस्ताला क्रुसावर दिलं त्या दिवशी, उत्तम शुक्रवारी, ते दर वर्षी मठात गायलं जाई. त्यात पात्रं दोनच. आई मरिया, आणि खिळे घडवणारा लोहार.

चर्मपत्र विरत चाललं होतं. ईस्टरनंतर नवी प्रत करायची होती. तिच्यात काय जाईल ते उबाल्दोंनी ठरवावं, असं बिशपांनी कळवलं होतं. एकदा त्या प्रतीत गेलं की डोंगरातले सगळे मठ तेच गाणार.

“लोहार म्हणजे पवित्र शास्त्रातला तो पहिला लोहार, भावाचा खून करणाऱ्याच्या कुळातला,” लान्फ्रांको सांगू लागला. “भट्टी म्हणजे नरक. तीन खिळे म्हणजे आपली तीन व्रतं. आणि भाता म्हणजे गर्व.”

“भाता गर्व कसा?”

“आत नुसती हवा असते.”

उबाल्दो मनापासून हसले. “हे छान आहे.”

“मग तुमची मान्यता?”

“एवढ्याला आहे.”

“आणि ओळीला?”

उबाल्दोंनी पुढची शेंग उचलली.

लान्फ्रांको काही सोडणाऱ्यातला नव्हता. लहानपणीही नव्हता. त्याने चर्मपत्र त्यांच्या मांडीवरच ठेवलं, शेंगांच्या टोपलीला खेटून.

“पाहा ना. प्रत्येक कडव्यात चार ओळी, या एकात तीनच. आई लोहाराला विचारते, ‘माझ्या लेकाचे हात पाहून घडवलेस का रे हे खिळे?’ पुढे लोहाराचं उत्तर हवं. ते नाही. उतरवून घेणाऱ्याला डुलकी लागली असणार! आणि आपण वेडे, पिढ्यान् पिढ्या त्या जागी गप्प उभे राहतो.”

ते खरं होतं. त्या जागी सगळा मठ गप्प होई. मरियेचं गाणारी बाई पुढचं कडवं उचलेपर्यंत कोणी खोकतसुद्धा नसे.

“मी ती ओळ भरली आहे,” लान्फ्रांको म्हणाला. विद्वानाला कोरी जागा दिसली की त्याचे हात शिवशिवतातच. त्याने ओळ वाचली. “‘माते, तुझ्या लेकानेच सांगितलं, म्हणून पेटवली मी भट्टी.’ यमक जुळतं. धर्माला धरून आहे. बोलोन्यात एकालाही चूक काढता आली नाही.”

उबाल्दोंनी हातातली शेंग खाली ठेवली.

“मलाही काढता येत नाही.”

“मग…?”

“उद्या उत्तम शुक्रवार. लोहार तू हो. ही ओळ गायलास, तर प्रतीत जाईल. शब्द देतो.”

लान्फ्रांकोला आनंद लपवता आला नाही. संध्याकाळभर तो अंगणात फेऱ्या मारत ती ओळ घोळवत होता.

मरियेचं गाणं मठातला कोणी गात नसे. गावातली एखादी बाई गाई, आणि तीही मुलाला मूठमाती दिलेली. ही जुनी रीत लान्फ्रांकोला ठाऊक होती. भाष्यात त्याने तिच्यावर अर्धं पान खर्ची घातलं होतं.

यंदा कोलोम्बा होती. तिचा मुलगा हिवाळ्यात दगडाच्या खाणीत चिरडला गेला होता.

तिचा आवाज चांगला नव्हता. वरच्या सुरांना फाटत होता. लान्फ्रांको हातोडा घेऊन तिच्यासमोर उभा होता आणि मनातल्या मनात तिच्या चुका मोजत होता.

मग ते कडवं आलं.

“माझ्या लेकाचे हात पाहून घडवलेस का रे हे खिळे?”

कोलोम्बाने हातोड्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. ती उत्तराची वाट पाहत होती. तिला खरोखरच उत्तर हवं होतं.

लान्फ्रांकोने छाती भरून श्वास घेतला.

“माते…”

सगळ्या मठाने माना वळवल्या. त्या जागी आजवर कोणी शब्द उच्चारला नव्हता. कोलोम्बा एक पाऊल पुढे आली, नीट ऐकू यावं म्हणून.

“तुझ्या…”

त्याचे ओठ हलले. ओळ पाठ होती, एक अक्षरही विसरला नव्हता.

…

हातोडा हळूहळू खाली आला.

…

कोलोम्बा थांबली, तिला थांबायचं होतं तितकं. मग तिने पुढचं कडवं उचललं, त्याच फाटक्या आवाजात.

लान्फ्रांको उबाल्दोंकडे आला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते.

“मला नाही गाता आलं.”

“ऐकलं मी.”

“ओळ चुकीची नाही, बाबा. मी अजूनही म्हणतो.”

“नाहीच.”

“मग मी थांबलो का?”

उबाल्दोंनी शेंगांची टोपली त्याच्यापुढे सरकवली. तो खाली बसला. बराच वेळ दोघं सोलत राहिले. त्याला रडू येत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. पण तो लान्फ्रांकोच होता. थोड्या वेळाने त्याने पाठ ताठ केली.

“प्रत मीच लिहिणार. दुसऱ्या कोणाच्या हाती देणार नाही. ती जागा कोरी सोडतो.”

“बरं.”

“पण समासात टीप हवीच. पुढच्या माणसाला कळायला नको का, ही शांतता कशाचं प्रतीक आहे ते? मी आत्ताच लिहू शकतो. चारच ओळी.”

“लिही की,” फ्रा उबाल्दो म्हणाले. “आधी कोलोम्बाला वाचून दाखव.”