राणीचा आवाज गिळणारा राघू

एका राज्यात, जिथं डोंगर राजाला विचारून सावली पाडत आणि नदी प्रधानाला विचारून वळण घेई, तिथं रणधवल नावाचा राजा होता. राजा पराक्रमी, पण डोक्यानं तापट. हुकूम सोडावा आणि तो पाळला जावा, यापलीकडं त्याला फारसं कळत नसे. कळायचं ते सगळं राणी कनकलेखेला कळे, आणि ती ते राजाला ऐकवी. उठल्यावर ऐकवी, जेवताना ऐकवी, दरबारात पडद्याआडून ऐकवी. राजा म्हणे, "राणीसाहेब, जरा दम घ्या." राणी दम घेई आणि पुन्हा सुरू करी. राज्य त्यावरच चाललं होतं.

एके दिवशी शिकाऱ्यांनी एक राघू आणला. अंगानं हिरवाकंच, चोच पोवळ्यासारखी. मायावी उग्रकेतूच्या गुहेत तो एकटाच सापडला होता. मायावी कुठं गेला कुणाला ठाऊक नव्हतं, आणि चौकशी करावी इतका तो कुणाला आवडतही नव्हता. राणीला पाखराची दया आली. तिनं त्याचं नाव पोवळ्या ठेवलं, बसायला सोन्याचा दांडा दिला, डाळिंबाचे दाणे स्वतःच्या हातानं भरवले. पोवळ्या मान तिरकी करून गुपचूप खात राहिला.

"गुणाचं आहे हो," राणी म्हणाली. "बस हं बाळा, मुदपाकखान्यात जरा बघून येते."

ती वळली आणि राघू ओरडला.

ओरडला म्हणजे असा, की लोखंडावर करवत फिरावी. गच्चीवरचे पारवे टपाटप खाली पडले. तळ्यातलं पाणी दचकून पायरीवर चढून बसलं. राणी धावत परत आली, तर राघू गप्प. राणी निघाली, की राघू सुरू. दिवसभर हेच. शेवटी राणीनं कानांवर हात दाबले आणि तीही ओरडली, "अरे गप्प बस की मेल्या!"

ते शब्द तिच्या तोंडातून निघाले ते थेट राघूच्या चोचीत शिरले. राणीचे ओठ हलत राहिले. आवाज गेला.

मग कोतवाल आला. त्यानं दरडावलं, त्याचा आवाज गेला. आचारी झारा घेऊन आला, त्याचाही गेला. ज्यानं ज्यानं पाखरावर आवाज चढवला, त्याचा त्याचा आवाज पाखरानं गिळला, आणि पुढची किंकाळी तेवढी जाड झाली. शहाणी माणसं गोळा झाली. एक म्हणाला, काळ्या कापडाखाली झाका. दुसरा म्हणाला, उन्हात टांगा. वैद्य म्हणाला, हिरवी मिरची द्या. दुसरा वैद्य म्हणाला, मिरचीनंच तर तो तापलाय. राजानं सगळं केलं, एकदमच केलं. राघू कापडाखाली, उन्हात, मिरची खात ओरडू लागला.

राजानं तलवार उपसली. तेवढ्यात त्या किंकाळीतून राणीचा आवाज ऐकू आला. राजानं तलवार म्यान केली आणि तो तिथंच पायरीवर बसला. राणी समोर उभी होती. ती हातवारे करून काहीतरी सांगत होती. राजाला त्यातलं एक अक्षर कळलं नाही.

"पाणी हवंय?" त्यानं विचारलं.

राणीनं कपाळावर हात मारून घेतला.

नगराबाहेर चिंचेच्या ढोलीत एक म्हातारा पिंगळा राहत असे. सूर्याइतकं वय, नजर अधू, स्वभाव तिखट. राजा त्याच्याकडं गेला.

"पिंगळेबुवा, राणीचा आवाज परत हवा."

"कुणी घालवला?"

"राघूनं."

"राघूनं नाही. ओरडणाऱ्यावर ओरडून तिनंच घालवला. पण असो. तीन कामं सांगतो. पहिलं, राघूजवळ बस. तो ओरडेल, तू ओरडू नकोस. कधी ओरडतो तेवढं बघ. दुसरं, जे बघशील ते उग्रकेतूच्या गुहेच्या दाराला सांग. तिसरं काय, ते दारच सांगेल."

"तिसरं अवघड आहे का?"

"सोपं आहे. म्हणून तू ते करणार नाहीस," पिंगळा म्हणाला. "आणि अवस सरायच्या आत कर. अवस उलटली की आवाज पाखराच्या गळ्यात मुरतो. मग निघत नाही."

राजा महालात आला आणि राघूसमोर पाट मांडून बसला. प्रधान धीरबुद्धी आला, कामं सांगितली, "येतो महाराज," म्हणून निघाला. राघू ओरडला. राजानं दातांखाली मिशी धरली. सेनापती आला, "येतो," म्हणाला, निघाला. राघू ओरडला. दासी फुलं ठेवून "येते" म्हणून गेली, राघू ओरडला. माणूस येताना राघू गप्प. माणूस बसलेला असताना राघू गप्प. पाठ फिरली की किंकाळी, आणि प्रत्येक किंकाळीनंतर तो मान ताणून दाराकडं बघत राही. कुणी धावत आलं की बघणं थांबे. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

राजाच्या मिशीचं एक टोक चावून चावून आखूड झालं. पण तो ओरडला नाही. त्यानं बघितलं. कळलं मात्र काहीच नाही.

दुसऱ्या कामाला तो एकटाच निघाला. वाटेत सागाचं रान होतं, तिथली झाडं दुपारी जागा बदलतात. राजा त्यांच्यावर चिडून तिथंच फेऱ्या मारत बसला. अखेर झाडांनाच कंटाळा आला आणि त्यांनी त्याला पलीकडं काढून दिलं. गुहा डोंगराच्या कुशीत होती. दगडी दाराला तोंड होतं.

"कोण?"

"राजा रणधवल."

"राजा असलास तरी वहाणा बाहेर काढ."

राजानं वहाणा काढल्या आणि जे बघितलं ते सांगितलं. दार हळहळलं. "अरेरे. अजून धन्याला हाका मारतोय बिचारा."

"धनी कुठाय?"

"मेला. उंबऱ्यावर उभा राहून राघूला म्हणाला, 'येतो.' बाहेर पडला आणि त्या कड्यावरच्या शेवाळ्यावरून घसरला."

"एवढा मोठा मायावी, आणि शेवाळ्यावरून घसरला?"

"शेवाळ्याला काय ठाऊक तो कोण ते. पण मायाव्याचा शब्द आहे तो. येतो म्हणाला, म्हणजे यायला हवं. येत नाही तोवर शब्द सुटत नाही आणि राघूची हाक थांबत नाही. वर तुमच्याकडं जो तो उठतो आणि त्याला तेच ऐकवतो."

राजा गोंधळला. "'येतो' यात काय वाईट? मीही निघताना 'येतो'च म्हणतो."

"कुठून येतोस?"

"येत नाही. जातो."

"मग येतो का म्हणतोस?"

"जातो म्हणायचं नसतं."

"का?"

"नसतं म्हणजे नसतं! जातो म्हटलं की माणूस परत येत नाही."

"आणि येतो म्हटलं की येतो?"

"आमचे आजोबा रागाच्या भरात एकदा 'जातो' म्हणाले," तो म्हणाला. "अजून आले नाहीत."

"त्यांना यायचं नसेल," दार म्हणालं. "ऐक आता. हा राघू सात समुद्रांपलीकडचा. त्या बेटावर जातो म्हणजे जातो आणि येतो म्हणजे येतो. तिसरं काम हे. त्याच्या डोळ्यांत बघून सांग, की उग्रकेतू मेला. मग उंबऱ्यावर उभा राहा, 'जातो' म्हण आणि जा. तो ओरडेल. मागं वळू नकोस. वळलास तर तुझाही आवाज गेला आणि राणीचाही कायमचा. तो आपणहून गप्प झाला, की मगच ये, म्हणजे धन्याचं राहिलेलं येणं तुझ्या हातून पुरं होईल."

"आणि मला येताच आलं नाही तर?"

दारानं तोंड मिटून घेतलं. दगडच तो.

अवसेच्या दिवशी, टळटळीत दुपारी, राजा महालात उभा राहिला. त्यानं काय करायचं ते सांगितलं आणि एकच हलकल्लोळ झाला. ज्यांचे आवाज शिल्लक होते ते सगळे बोलू लागले. प्रधान पाया पडला. "महाराज, अभद्र बोलू नका. राज्य पोरकं होईल."

राणी बोलू शकत नव्हती. तिनं राजाच्या शेल्याचं टोक धरलं आणि मान हलवली, नको. ही खूण मात्र राजाला बरोबर कळली. त्यानं तिचे हात हळूच सोडवले.

तो राघूसमोर गेला. "पोवळ्या, उग्रकेतू मेला. तो येणार नाही."

राघूनं दाराकडं पाहिलं, मग राजाकडं. पिसं फुगवली.

राजा उंबऱ्यावर गेला. जीभ सवयीनं 'ये' वर गेली. त्यानं ती मागं ओढली.

"जातो," तो म्हणाला, आणि बाहेर पडला.

मागून किंकाळी आली. तिच्यात कोतवाल होता, आचारी होता, आणि सगळ्यांच्या वर राणी होती. "महाराज! अहो महाराज!" हुबेहूब तिचा आवाज. राजा अंगणातल्या चाफ्यापर्यंत गेला आणि खोडाला मिठी मारून उभा राहिला. ही राणी की राघू? राणीच बोलावत असेल तर? वळलो तर ती गेली, न वळलो तर काय गेलं? त्याला काहीच कळेना. त्यानं खोड आणखी घट्ट धरलं. चाफा म्हणाला, "जरा बेतानं." राजानं माफी मागितली, पण सोडलं नाही.

आवाज थांबला. राघू गप्प झाला की आपण बहिरे झालो, हेही राजाला उमगेना. मग चाफ्यावरून एक फूल पडलं, ते पडलेलं त्याला ऐकू आलं. तेव्हा तो वळला.

राघू दांड्यावर बसला होता. त्यानं मान तिरकी केली. पहिल्यांदाच तो ओरडला नाही, बोलला.

"गेला होतास?"

"गेलो होतो."

"आलास?"

"आलो."

राघूनं चोच उघडली, आणि आत कोंडलेले सगळे आवाज पाकोळ्यांसारखे बाहेर पडले. दोन घटका नुसता गोंधळ. कोतवालाच्या तोंडून आचाऱ्याचा आवाज आला आणि त्यानं फोडणी मागितली. आचाऱ्यानं चोराला पकडायचा हुकूम दिला. राणी तोंड उघडून उभीच होती. तिचा आवाज सगळ्यांत शेवटी, झुंबराला एक फेरी घालून, तिच्या गळ्यात उतरला.

"पुन्हा असं काही बोललात ना," राणी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, "तर बघाच तुम्ही."

"राणीसाहेब," राजा म्हणाला, "थांबू नका. बोला."

ती बोलली. तिन्हीसांजेपर्यंत बोलली.

मायाव्याचा शब्द सुटला. तळ्यातलं पाणी पायरीवरून उतरून तळ्यात गेलं, पारवे गच्चीवर गेले. राघू तेवढा पुरता सुधारला नाही. राघूच तो, उजाडताना आणि मावळताना थोडा कलकलाट करीच. कुणी धावून जात नसे, कुणी दरडावत नसे. जो जिथं असे तिथून त्याला एक शीळ घाली. राघू उलट शीळ घाली आणि दाणे खाऊ लागे.

दुसऱ्या दिवशी राजा शिकारीला निघाला. उंबऱ्याच्या एका अंगाला दांड्यावर राघू, दुसऱ्या अंगाला आरती घेऊन राणी. राजा मध्ये उभा राहिला. याला काय म्हणावं आणि तिला काय म्हणावं? घोडा खिंकाळला, भालदार ताटकळला. शेवटी राजा राघूकडं वळून म्हणाला, "जातो." मग राणीकडं वळून म्हणाला, "येतो."

आणि दिवेलागणीच्या आत परत आला. दोघांचंही खरं झालं. तेव्हापासून त्या राज्यात तोच रिवाज पडला, आणि कनकलेखा राणीचं बोलणं काही थांबलं नाही.