जनरलच्या छातीवरचा पोचा

सान इलारियोच्या चौकात जनरल बाल्दोमेरोचा ब्राँझचा पुतळा उभा आहे. त्याच्या छातीवर डाव्या बाजूला हाताचा पंजा मावेल एवढा पोचा आहे. मेक्सिकोच्या डोंगराळ भागातल्या या लहानशा शहरात आलेले पाहुणे आधी त्याकडेच बोट दाखवतात. मग चौकातल्या झाडांना पाणी घालणारे म्हातारे डॉन फेर्मिन त्यांना समोरच्या चर्चकडे बघायला सांगतात. तिथे घंटांसाठी तीन कमानी आहेत. घंटा मात्र दोनच.

असे सांगतात की, पूर्वी इथे मक्याला तुरे आले की हटकून गारा पडत. घंटांच्या नादाने गारांचा ढग फुटतो, अशी लोकांची श्रद्धा. पण दोन घंटांचा नाद पुरेना. डोन्या ओब्दुलिया ही घंटा वाजवणाऱ्याची विधवा. नवऱ्यामागे दोर तिच्याच हाती आले होते. वर्षामागून वर्ष पीक आडवे झालेले पाहून ती नवस बोलली, की तिसरी घंटा चढेपर्यंत तांब्याच्या भांड्यात शिजवणार नाही. आईने दिलेली कढई तिने चर्चच्या ओट्यावर नेऊन ठेवली. तिचे बघून घरोघरच्या बायकांनी घंटा ओतण्यासाठी तांब्याच्या कढया, हंडे आणून दिले. लोहाराने घंटेचा लोखंडी लोलकही घडवला.

शहराला आपल्या मोठ्या माणसांचा भारी अभिमान. इथला एक मुलगा बिशप झाला, एक गवई राजधानीत गाजला, आणि बाल्दोमेरो लढाई जिंकून जनरल झाला. त्यांतले कोणी परत राहायला आले नाही, तो भाग वेगळा. जनरल भेटीला येणार असे कळताच नगराध्यक्षांनी ओताऱ्याला घंटेचा साचा मोडायला लावला आणि बायकांच्या तांब्यात कथील मिसळून जनरलचा पुतळा ओतायला सांगितला.

ओब्दुलिया त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

“डोन्या, घंटा काय, आपल्यालाच ऐकू येणार,” ते म्हणाले. “पुतळ्याने शहराचं नाव होईल.”

“ढगाला पुतळा दिसतो का, सेन्योर?”

पुढच्या वर्षी बघू, असे सांगून त्यांनी दार लावून घेतले. तिने बिशपांना निरोप धाडला. त्यांनी आशीर्वाद पाठवला. गवयाला कळवले, त्याने स्वतःची तसबीर पाठवली. जनरल आले, जेवले, पुतळ्याचे नाक बरोबर नाही म्हणाले आणि गेले.

मग तुरे आले. एका दुपारी ढग काळा-हिरवा झाला. ओब्दुलियाने तळहात सोलून निघेपर्यंत दोन्ही दोर ओढले. ढग जागचा हलेना. तेव्हा, म्हणे, तिने दोर शेजारणीच्या हाती दिले, कोपऱ्यात पडलेला लोलक उचलला, चौकात आली आणि जनरलच्या छातीवर हाणला. पुतळा आतून पोकळ. असा घुमला की ढग मधोमध फाटला, आणि गारा पलीकडच्या उजाड खडकांवर पडल्या.

नगराध्यक्षांनी चौथऱ्यावर कोरून घेतले, ‘जनरलने शहर वाचवले.’ बायका ओब्दुलियाला म्हणाल्या, नवस फिटला, आता तांब्याची कढई घे. तिने रिकाम्या कमानीकडे पाहिले.

“घंटा कुठाय?” एवढेच ती बोलली. मरेपर्यंत तिने मातीच्या भांड्यातच शिजवले.

तिसरी कमान अजून रिकामी आहे. आजही मक्याला तुरे आले की आधी दोन घंटा वाजतात, मग घरोघरच्या बायका पुतळ्यापाशी रांग लावतात. प्रत्येक बाई तोच लोलक उचलते, जनरलच्या छातीवर एक ठोका देते आणि त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, “ही आमची कढई.”