वर म्हणजे उत्तर

“…पण वर म्हणजे उत्तर, हे खोटं आहे का बुवा? तेवढंच सांगा मला.”

जालिंदर गुरुजींचा आवाज चढला होता. आमच्या मठाच्या पडवीत इतक्या मोठ्यानं कुणी बोलत नाही. मी दुपारचा तिथं जाऊन बसणारा माणूस, मीसुद्धा दचकलो.

दाजीबुवा सुपात कुळीथ निवडत होते. ते निवडतच राहिले.

“खोटं नाही,” ते म्हणाले.

“मग माझं चुकलं कुठं?”

“चुकलं असं मी म्हटलं का? आल्यापासून तूच म्हणतोयस.”

गुरुजींच्या काखेत जिल्ह्याच्या कापडी नकाशाची गुंडाळी होती. बसले तरी ती त्यांनी खाली ठेवली नव्हती.

दाजीबुवा मठात येण्याआधी अध्यापक विद्यालयात शिकवायचे. जालिंदर खोत हा तिथला त्यांचा विद्यार्थी, घाटावरचा, सांगलीकडचा. नोकरी लागली ती मात्र खाली कोकणात, आमच्या खाडीकाठच्या शाळेत. माणूस हुशार, त्यात वाद नाही. पण हुशारीची मिजासही होती, आणि ती मला कधी आवडली नाही. तोंडावर बोललो नाही, एवढंच.

“पहिल्यापासून सांग,” बुवा म्हणाले.

“पहिल्यापासून काय… शाळेत आलो तेव्हा हा नकाशा भिंतीवर लावला. स्वतः रंगवलेला. अख्खी दिवाळीची सुट्टी घातली यात. तिसरीच्या पोरांना विचारलं, नकाशात वर काय? तर सगळी एका सुरात ओरडली, घाट! म्हटलं, खाली काय? तर म्हणे, दर्या!”

बुवा हसले. मीही हसलो. आमच्याकडं दुसरं काय म्हणणार पोरं? घाटावर जाणारा माणूस वर जातो, दर्यावर जाणारा खाली जातो. बापजाद्यांपासून असंच आहे.

“मीही हसलो होतो,” गुरुजी म्हणाले. “वर्षभर हसलो. केंद्राच्या बैठकीत सांगून सगळ्या मास्तरांना हसवलं. बघा म्हटलं, पूर्वेला वर म्हणतात आणि पश्चिमेला खाली. कसला भूगोल शिकवायचा यांना!”

“आणि मग?”

“मग खोड मोडली त्यांची. कुणी म्हटलं, मामा वर गेलाय, की उभं करायचो. वर नाही, पूर्वेला. वर म्हणजे उत्तर! दहादा म्हणून घ्यायचो. रोज सकाळी अंगणात सूर्याकडं तोंड करून उभी करायचो. समोर पूर्व, पाठीला पश्चिम, डाव्या हाताला उत्तर, उजव्या हाताला दक्षिण. साहेब तपासणीला आले तेव्हा एक पोर चुकलं नाही.”

“शाबास.”

“शाबास म्हणू नका बुवा.”

बुवांनी एक खडा सुपातून उचलून अंगणात टाकला.

“शेवंती सगळ्यांत पुढं होती,” गुरुजी हळू आवाजात म्हणाले. “विचारायचा अवकाश, तिचा हात वर. कधीकधी प्रश्न पुरा व्हायच्या आत.”

शेवंतीला मी ओळखतो. आई नाही पोरीला. बाप धाकू, तो घाटावर गुऱ्हाळात कामाला. घरात ती आणि आजी. गेल्या गणपतीत बाप आला होता, तिला लाल चपला घेऊन. पोरगी सबंध वाडीला दाखवत फिरली होती.

थंडीत निरोप आला. धाकू गुऱ्हाळातच गेला. छातीत दुखलं म्हणाला आणि बसल्या जागी संपला. चार माणसं वर जाऊन सगळं उरकून आली. पोरीला न्यायला म्हातारी तयार झाली नाही, लहान आहे म्हणाली. पण सांगायचं तर होतंच.

“आजीनं तिला काय सांगितलं ठाऊक आहे?” गुरुजींनी विचारलं.

बुवांनी सुपावरनं नजर त्यांच्याकडं वळवली.

“म्हणाली, तुझा बाबा वर गेला गो बाय.”

बुवांचा हात सुपात थांबला.

“म्हातारीला बिचारीला काय ठाऊक? ती आपलं जगरहाटीचं बोलणं बोलली. पोरीनं विचारलं म्हणे, घाटावरनंही वर? म्हातारी रडत रडत म्हणाली, होय गो, घाटावरनंही वर.”

गुरुजींनी डोळे पुसले. मग तेच रागानं बोलायला लागले, स्वतःवरच्या रागानं.

“दुसऱ्या दिवशी सकाळी पोर अंगणात आली. लाल चपला घातल्या. सूर्याकडं तोंड करून उभी राहिली. शेजारणीनं बघितलं. तिला वाटलं, शाळेचं काहीतरी पाठ करतेय. डावा हात लांब केला आणि हाताच्या रेषेत चालायला लागली. नाकासमोर…”

“खाडीकडं,” मी म्हणालो. न राहवून म्हणालो.

“खाडीकडं. आपल्या गावाच्या उत्तरेला खाडीच आहे. मीच शिकवलंय!”

पुढचं मला माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत आहे. पोरगी खाजणात, खाडीकाठच्या दलदलीत शिरली. चिखल मांडीपर्यंत, आणि भरतीचं पाणी चढत होतं. कालवं काढायला गेलेल्या भंडाऱ्याच्या मालतीनं ओरडा ऐकला म्हणून वाचली. एक चप्पल राहिली चिखलात. मग तापानं फणफणली, आणि आम्ही सगळ्यांनी आशा सोडली होती, खोटं कशाला बोलू? पण उठली. शाळेतही जायला लागली.

“जाते ना शाळेत?” बुवांनी विचारलं.

“येते. बसते. हात वर करत नाही.”

“बोलते?”

“काल बोलली. सगळी घरी गेल्यावर एकटी मागं राहिली. भिंतीपाशी गेली, नकाशाच्या वरच्या कडेला हात लावला आणि मला म्हणाली…”

गुरुजींनी काखेतली गुंडाळी घट्ट धरली.

“म्हणाली, गुरुजी, मी बरोबरच गेले होते ना?”

बुवा पुढं झुकले.

“तू काय म्हणालास?”

“काय म्हणणार? बरोबर म्हणू? चूक म्हणू? तिचं काय चुकलं होतं, बुवा? पिशवी उचलली आणि बाहेर पडलो. तिला तिथंच उभी ठेवून. आज पहाटे नकाशा काढून आणला, वर्गावर गेलोच नाही. उद्या तालुक्याला जातो आणि राजीनामा देतो. घरी शेती आहे, ती करीन. पोरांना शिकवायची माझी लायकी नाही.”

एवढं बोलून त्यांना जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. मलाही वाटलं, जाऊ दे माणसाला, पुरे झालं.

बुवा मात्र म्हणाले, “नकाशा बघू.”

गुरुजी उठले आणि सवयीनं भिंतीवर खुंटी शोधू लागले.

“टांगू नको. खाली अंथर.”

“जमिनीवर?”

“जमिनीवर. भिंतीवर टांगायला मीच शिकवलं होतं तुला… वर्गात पहिल्या बाकावर बसायचास. तेव्हा मलाही कळलं नाही.”

बुवांनी सूप बाजूला सारलं. गुरुजींनी शेणानं सारवलेल्या जमिनीवर नकाशा पसरला. सुंदर होता, मान्य करावंच लागेल. निळा समुद्र, हिरवी पट्टी, कडेला तपकिरी डोंगररांग आणि कोपऱ्यात उत्तरेचा मोठा बाण.

बुवांनी नकाशा धरून जरा फिरवला. घाट घाटाकडं आला, दर्या दर्याकडं.

“तिचं घर?”

गुरुजी गुडघ्यावर बसले आणि बोट ठेवलं.

“खाजण?”

बोट जेमतेम सरकलं. तेवढंसंच अंतर होतं.

“धाकूचं गुऱ्हाळ?”

गुरुजींचं बोट तपकिरी रांगेपर्यंत गेलं आणि कापडाच्या कडेशी अडलं. “ते यात नाही. घाटमाथ्याला आपला जिल्हा संपतो.”

“बरं,” बुवा म्हणाले. “आता मला यात वर दाखव.”

गुरुजींचा हात आपोआप बाणाकडं गेला. मग मध्येच थांबला. नकाशा सपाट पडला होता. त्यांनी बाणाकडं पाहिलं, घाटाकडं पाहिलं. मग मान हळूहळू उचलली. पडवीचं कौलारू छप्पर, त्यातल्या एका फटीतून येणारं ऊन… आणि त्यापलीकडं.

मीसुद्धा तिकडंच बघत होतो.

गुरुजी तसेच नकाशावर ओणवे झाले आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले. “इतकी साधी गोष्ट होती हो… हे वर नकाशात नसतं, बाप आता नाही, हे तिला कुणीच सांगितलं नाही. आजीनं नाही, मी नाही. ती अजून वाट बघतेय बुवा. तिला वाटतंय, रस्ता बरोबर होता, आपणच पोचलो नाही.”

बुवांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पुष्कळ वेळ ठेवला. त्यांचेही डोळे भरले होते, आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

मग बुवांनी नकाशा गुंडाळला, दोरी बांधली आणि गुरुजींच्या हातात दिला.

“शाळा किती वाजता सुटते?”

“पाचला.”

“ती मागं राहील आजही.”

गुरुजींनी बाहेर उन्हाकडं पाहिलं. मग पायांत वहाणा सरकवल्या. पायरीवर जाऊन थांबले.

“तिला सांगू काय, बुवा? तिनं परत विचारलं, बाबा कुठं आहे, तर कुठं दाखवू?”

दाजीबुवांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

“बोट कुठं दाखवायचं ते तुझं तू ठरव, जालिंदर…” ते म्हणाले. “हात तेवढे वर करू नकोस.”