बुडती वाटी

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी म्हणाल, तर ज्या तळ्याची ही गोष्ट, ते गाळाने भरून तिथे आता शेतं झाली आहेत.

तळ्याच्या पाण्यावर गावची भातं पिकायची आणि ते पाणी सोडायचं-अडवायचं काम लखू पाटकऱ्याकडे होतं. माणूस सरळ. कुणाच्या वाफ्याला पाणी कमी नाही, कुणाला जास्त नाही. म्हणून गावातले सगळेच त्याच्यावर थोडेथोडे नाराज असायचे. सरळ माणसाचं हे असंच असतं बघा.

एका पहाटे तळ्याचा बांध फुटला. कापणीला आलेलं भात चिखलात आडवं झालं. गाव नुसतं पिसाळलं.

"तळं तुडुंब भरलं तरी लखूने पाणी सोडायची मोरी उघडली नाही! झोपला असणार मेला!" पाटील ओरडला. लखू परोपरीने सांगत होता, मोरी मी सांजेलाच उघडली होती. पण ऐकतो कोण? बांधाकडे जाऊन बघायचंही कुणाला सुचलं नाही. राग आला की माणसाला आधी माणूस दिसतो, कारण मागाहून दिसतं.

अशा गुन्ह्याला शिक्षा एकच होती, हद्दपारी. बायको आणि दोन लेकींना घेऊन गाव सोडायचं आणि पुन्हा त्या पाण्याला हात लावायचा नाही. लखूचा तर जीवच त्या पाण्यात होता.

राजाचा न्यायाधीश आला. म्हातारा, नेमाचा पक्का. त्या राज्यातली चाल अशी, की पाण्याच्या परातीत बारीक भोकाची तांब्याची वाटी सोडायची. वाटी बुडेपर्यंत तक्रार करणाऱ्याने बोलायचं. मग ती पुन्हा सोडायची, आणि बुडेपर्यंत आरोपीच्या वकिलाने बोलायचं. वकीलही दरबारच नेमून द्यायचा.

हा वकील मोठा गोडबोल्या होता. लखूच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "काळजी करू नकोस रे. गरीब आहे, चुकला, पदरात घ्या, असं म्हणतो. अर्ध्या वाटीत काम होईल."

"पण महाराज, मी चुकलोच नाही," लखू म्हणाला. "मग माफी कशाची मागता? मला तुम्ही नकोत. माझ्या बाजूने भिवरामावशी बोलेल."

हे ऐकून चावडीवर हसू फुटलं. भिवरामावशी म्हणजे बांधातले खेकडे धरून विकणारी म्हातारी. बोलताना एकेका शब्दावर अडायची. "अरे, तिला स्वतःचं नाव सांगायला सकाळची दुपार होते!" पाटील म्हणाला.

न्यायाधीशाने विचारलं, "तुझ्या बाजूने तीच का बोलायला हवी?"

"कारण तो बांध तिच्याइतका कुणाला ठाऊक नाही. गेल्या वर्षी पाटलांनी तिला तिथे येऊ नको म्हणून सांगितलं, तोवर तिने त्यातलं बीळ न् बीळ पाहिलंय."

बोलावणं गेलं, मावशी आली. पाटलाची वाटी बुडाली, तिची सोडली. ती उभी राहिली, पदर सावरला आणि म्हणाली, "खे... खे... खेकड्यांनी... बा... बा..."

टुपुक्! वाटी बुडाली.

"झालं! वेळ संपली!" पाटील उठला. लखूच्या बायकोने धाकटीला जवळ ओढलं आणि तोंडात पदर धरला.

न्यायाधीश बुडालेल्या वाटीकडे बघत राहिला. उभ्या जन्मात त्याने किती वाट्या बुडताना पाहिल्या असतील! मग त्याने हात पाण्यात घालून वाटी वर काढली.

"वाटी सगळ्यांना एकाच मापाची," तो म्हणाला, "पण जीभ काही सगळ्यांना एकाच मापाची नसते. बोल बाई. कितीही वेळ लागू दे."

नऊ वाट्या बुडाल्या. नऊ वेळा न्यायाधीशाने त्या काढल्या. शेवटी मावशी म्हणाली, "इ... इथे नको. तिकडे चला."

सगळी वरात तळ्यावर गेली. बांधाचा जो भाग उभा होता, तिथे पाण्याच्या बाजूला मावशीने एका बिळात हात घातला. तो खांद्यापर्यंत आत गेला. मग तिने त्यात हळदीचं पाणी ओतलं आणि सगळ्यांना पलीकडच्या अंगाला जायला सांगितलं. लोक वाट बघू लागले. थोड्या वेळाने बांधाच्या बाहेरच्या अंगातून पिवळी धार गळू लागली.

"मी ध... धरत होते, तोवर खेकडे क... कमी होते," मावशी म्हणाली. "वर्षभर कुणी धरलेच नाहीत. बांध आ... आतून चाळण झाला. मोरी मो... मोकळीच आहे, बघा जाऊन."

लोकांनी जाऊन पाहिलं. मोरी खरंच उघडी होती. पाटलाने मान खाली घातली. म्हातारी बांध उकरते, म्हणून त्यानेच तिला हाकललं होतं. भल्यासाठीच केलं हो, पण विचारलं कुणाला होतं?

लखू सुटला. उरलेल्या बांधातली बिळं वेळेवर बुजवली, म्हणून तेवढा तरी वाचला. आणि न्यायाधीशाने त्या वाटीचं भोक मेणाने बंद करून टाकलं. त्या दिवसापासून आरोपीने आपला वकील आपण निवडायचा, आणि त्याचं बोलणं होईपर्यंत वाटी परातीत तरंगत राहायची, अशी चाल पडली.

काही वर्षांनी पाटलावरच आळ आला, देवळाचं धान्य चोरल्याचा. गोडबोल्या वकील आपण होऊन दारात आला. पाटलाने त्याला पाणी दिलं, पान दिलं आणि परत पाठवलं. मग चपला घालून स्वतः भिवरामावशीच्या झोपडीशी गेला. दारात उभा राहिला, पण त्याला शब्द फुटेना.

मावशी म्हणाली, "ब... बोल की रे. घाई ना... नाही."

तात्पर्य: ज्याच्यावर आळ आहे, त्याचं म्हणणं त्याच्या विश्वासाच्या माणसाच्या तोंडून पुरतं ऐकल्याशिवाय केलेला न्याय, हा न्यायच नव्हे.