पक्ष पडला विहिरीत

"तिकीट पाहिजे? मग माझी एक अट आहे," तात्यासाहेब म्हणाले आणि सुपारी कातरायला लागले.

तात्यासाहेब काळोखे म्हणजेच हिवरगावातला पक्ष. पक्षाचं कार्यालय त्यांच्या ओसरीवर, पक्षाचा शिक्का त्यांच्या कोटाच्या खिशात. नगरपालिकेच्या सात नंबर वॉर्डात निम्मी वस्ती विड्या वळणाऱ्या तेलुगू बायांची आणि निम्मी पेठेतल्या मराठी मंडळींची. मतं दोघांनी द्यायची आणि तिकीट तात्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांनी न्यायचं, असा तीस वर्षांचा रिवाज. यंदा मेव्हणे रंगनाथराव नवा कोट शिवून तयारच होते. अन् ऐन वेळी ही विडी युनियनची नरसम्मा येमूल दारात उभी! बोटं तंबाखूनं पिवळी, आवाज खणखणीत, आणि पाठीशी साडेतीनशे बाया. सरळ नाही म्हणायचीही सोय नव्हती.

"उद्या संध्याकाळी चावडीपुढं सभा," तात्या म्हणाले. "सगळ्यांसमोर मी तीन प्रश्न विचारणार. तू खरं तेच उत्तर द्यायचं. आणि तुझं उत्तर ऐकून एक जरी माणूस उठून गेला, मग तो पेठेतला असो की तुझ्या युनियनचा, तर तिकीट रंगनाथरावांचं. आहे कबूल?"

आता खरंही बोलायचं आणि कुणाला दुखवायचंही नाही, हे निवडणुकीत आजवर कुणाला जमलंय? रंगनाथराव गालातल्या गालात हसले.

"कबूल," नरसम्मा म्हणाली.

म्हणाली खरी, पण घरी जाताना तिनं हिशेब मांडला. तिकीट गेलं तर बाया आणखी पाच वर्षं दुसऱ्याच्या दारात हात जोडून उभ्या राहणार, आणि खापर फुटणार तिच्याच डोक्यावर.

दुसऱ्या दिवशी चावडीपुढं ही गर्दी! लांबलचक सतरंजीवर डावीकडं पेठ, उजवीकडं विडीवाल्या बाया. तात्या खुर्चीत रेलून बसले आणि त्यांनी पहिला प्रश्न टाकला.

"निवडून आलीस तर गावाला रोज पाणी देशील?"

आजवर झाडून सगळ्या उमेदवारांनी याला हो म्हटलं होतं.

"नाही," नरसम्मा म्हणाली.

पेठेत चुळबुळ झाली. विसूअण्णा शिंपी तर काठी टेकत उठलेच. रंगनाथरावांनी कोटाची बटणं लावली.

"तलावात पाणी तेवढंच, गावाला टाकी एकच," नरसम्मा पुढं म्हणाली. "रोज देते म्हटलं तर थाप होईल. चार दिवसांनी येतं, ते चार दिवसांनीच येणार. पण येतं ते भर दुपारी, सगळे कामावर असताना. ते सकाळी सहाला सोडायला लावीन. पाणी सोडणाऱ्याच्या दारात जाऊन बसेन, उठणार नाही."

विसूअण्णा काठी टेकत टेकत पुढं आले आणि पहिल्या रांगेत फतकल मारून बसले. "मला जरा कमी ऐकू येतं," ते म्हणाले. "सहाला म्हणालीस ना? मग चालू दे."

तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "बरं. तू घरात तेलुगू बोलतेस. मग आमच्या पेठेनं तुला आपली का म्हणावं?"

उजवीकडच्या बायांनी माना वर केल्या. हा प्रश्न त्यांनी रेशनच्या दुकानापासून शाळेपर्यंत ऐकला होता, आणि दर वेळी तो टोचला होता.

"बोलते की," नरसम्मा म्हणाली. "रडायला आलं तर आईचीच भाषा येते तोंडात. पण भांडायला लागले की मराठीच येते, तीही याच पेठेत शिकलेली. आता तुम्हीच सांगा तात्यासाहेब, नगरपालिकेत मला रडायला धाडताय की भांडायला?"

हसण्याची पहिली लाट पेठेतूनच आली. तात्यांच्याही मिशा हलल्या, पण हुकमाचा पत्ता त्यांनी राखून ठेवला होता.

"आता शेवटचा. समज, पक्ष आणि तुझी युनियन एकदमच विहिरीत पडले. दोर एक, आणि काठावर तू एकटी. आधी कुणाला काढशील?"

झाली का पंचाईत! पक्ष म्हणावं तर साडेतीनशे बाया पदर खोचून उठणार. युनियन म्हणावं तर पक्षाचं तिकीट मागायचं कुठल्या तोंडानं?

"युनियनला," नरसम्मा म्हणाली.

"बघा, बघा!" रंगनाथराव ओरडले. "पक्षाला बुडवायला निघाली ही!"

"बुडवत नाही, दाजी. पक्ष लई जड आहे, माझ्या एकटीच्यानं निघायचा नाही. आधी युनियन काढते, मग आम्ही साडेतीनशे जणी दोर धरून पक्षाला वर ओढतो."

"आणि आधी पक्षालाच काढलंस तर?" तात्यांनी पुढं वाकून विचारलं.

"मग युनियन बुडालीच म्हणायची. पक्षाची मंडळी वर आली की कपडे बदलायला घरी जातात. खोटं वाटत असेल तर आठवून बघा, तीस वर्षं सभा संपल्यावर ही सतरंजी कोण गुंडाळतंय?"

एकही माणूस उठून गेला नाही. तात्यासाहेब मात्र असे हसले, असे हसले की तोंडातल्या सुपारीचा ठसका लागला. डोळे पुसत त्यांनी उमेदवारीचा कागद काढला, त्यावर नरसम्मा येमूल हे नाव लिहिलं, खिशातला शिक्का दाबला आणि कागद तिच्या हातात ठेवला.

मग ते खुर्चीतून उतरले आणि सतरंजीपाशी जाऊन खाली वाकले.

"रंगनाथराव," ते म्हणाले, "कोट काढा आणि ते पलीकडचं टोक धरा."