दोन घागरींतली फौज

राजा रणधवलाच्या नाकावर डास चावला आणि म्हादू भोई कोठडीत गेला!

राजवाड्याचे सातही हौद म्हादूच्या ताब्यात होते. शहरात घरोघर माणसं हिवतापाने कुडकुडत होती, तेव्हा दरबाराला डास दिसले नव्हते. राणीसाहेबांना ताप भरला, राजाचं नाक सुजलं, आणि मग गुन्हेगार लगेच सापडला.

म्हादूची मुलगी सगुणा तडक दरबारात शिरली.

"महाराज, माझ्या बाबांना सोडा!"

"वाड्यातले डास जातील तेव्हा सुटेल," राजा म्हणाला. "येत्या पौर्णिमेपर्यंत मुदत. पण धूर करायचा नाही, मला ठसका लागतो. हौद उपसायचे नाहीत, त्यात राणीसाहेबांची कमळं आहेत. आणि टाळ्या वाजवून डास मारायचे नाहीत, माझी दुपारची झोप मोडते!"

दिवाणजी मिशीतल्या मिशीत हसले. सगुणाने राग गिळला.

"कबूल! पण मला माझी फौज आणू द्या. दोन हजार शिपाई."

"दोन हजार?" दिवाणजींचं हसू मावळलं. "अगं, त्यांना खायला कोण घालणार?"

"त्यांचं जेवण वाड्यातच तयार आहे."

"आणि राहणार कुठे?"

"तुमचा पहारेकरी जिथे घटकाभरही टिकणार नाही तिथे! फक्त एकदा नेमले, की त्यांना कोणी हटवायचं नाही."

राजाला गंमत वाटली. त्याने हुकमावर शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी सगुणा आली ती काखेत एक आणि डोक्यावर एक घागर घेऊन. आत बोटाच्या पेराएवढे मासे सुळसुळत होते.

"मासे?" राजा ओरडला. "हे तर मीच गेल्या वर्षी काढायला लावले! पाणी हलवतात, वाड्याचं प्रतिबिंब मोडतात!"

"आणि डास तेव्हापासूनच वाढले. बाबा सांगत होते, पण ऐकतंय कोण?"

तिने चांदीचा पेला हौदात बुडवून राजापुढे धरला. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. तिने एक मासा आत सोडला. गट्! गट्! गट्! राजाची पापणी लवेपर्यंत पेला साफ!

"या अळ्यांनाच उद्या पंख फुटतात, महाराज, आणि मग त्या तुमच्या नाकापर्यंत येतात."

शिक्का मारलेला हुकूम मोडता येईना. फौज हौदांत उतरली. सगुणाने वाडा पालथा घातला. फुटकी मडकी, करवंट्या, जिथे पाणी साचलेलं दिसलं तिथे ओतून टाकलं. राजाच्या सज्जाशी मात्र पहारेकऱ्याने तिला अडवलं.

"तिथे महाराजांनी लढाईत जिंकलेली ढाल आहे. हात लावायचा नाही!"

"नुसती बघते."

"बघायचीही नाही!"

दिवस सरले. गुणगुण कमी होत होत थांबली. राणीसाहेब हिंडूफिरू लागल्या. पौर्णिमेच्या संध्याकाळी म्हादूला दरबारात आणलं. शिपाई बेडी काढणार, इतक्यात...

गुंऽऽऽ! डास थेट राजाच्या नाकावर!

"हरलीस!" दिवाणजी ओरडले. "न्या रे म्हादूला परत!"

पण डास आला होता सज्जाच्या दारातून, आणि ते सगुणाने नेमकं टिपलं होतं.

"थांबा! महाराज, आधी तुमची ढाल बघायला चला."

सज्जात ती भलीमोठी ढाल उताणी मांडलेली होती. आतल्या बाजूला हरलेल्या राजाचं नाव कोरलेलं होतं, आणि रणधवल ते रोज चवीने वाचत असे; पण नाक सुजल्यापासून तो इकडे फिरकला नव्हता. आता त्या नावावर पंधरा दिवसांपूर्वीच्या सरींचं पाणी साचलं होतं. पाण्यात अळ्याच अळ्या!

"महाराज," सगुणा म्हणाली, "सातही हौदांवर माझी फौज पहाऱ्याला होती. तिथे एक अळी सापडली तर बाबांबरोबर मलाही कोठडीत टाका. इथे मात्र पहारा तुमचा होता!"

दिवाणजी राजाच्या नाकाकडे बघायचं टाळत होते.

आणि राजा हसला! इतका हसला, की पगडी घरंगळून पायाशी आली.

"सोडा म्हादूला! माझ्या हातातलं हे सोन्याचं कडं सगुणाला द्या. आजपासून राज्यातल्या प्रत्येक हौदावर, प्रत्येक विहिरीवर हिचा हुकूम चालेल!" मग त्याने सगुणाकडे बघत नाक खाजवलं. "आणि सेनापती, या ढालीतही दोन शिपाई सोडा. वैऱ्याच्या नावावर माझी फौज नाचू दे!"